निंबाशेठ भिंत पाडत नाहीत

१९ एप्रिल २००४, सोमवार. आज गिरणीच्या दगडांना टाकी लावून घ्यायची होती.

दगड झिजले की पीठ जाड आणि गरम पडतं. मग बायका डब्यातलं पीठ दोन बोटांत चोळतात आणि काही न बोलता माझ्याकडे बघतात. अशा वेळी पाथरवटाला बोलवायचं, तो दगड उतरवून त्यांच्यावर छिन्नीने नवे घाव पाडतो. दिवसभराचं काम असतं. गिरणी बंद, धंदा बंद, आणि मालकिणीने स्टुलावर बसून टकटक ऐकायची. मी तशी बसले होते. शेजारच्या गाळ्यातून निंबाशेठ आणि एक नवीन गिऱ्हाईक यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"अर्धा किलो कॉफी द्या. चांगली द्या."

"पिणार कोण?"

"घरचेच."

"घरचे म्हणजे? तुम्ही, मिसेस, अजून?"

"आई आहे माझी."

"वय किती त्यांचं?"

"अहो, कॉफी पाहिजे. रेशनकार्ड नाही काढायचं."

"पाणी नळाचं का बोअरचं?"

"बोअरचं."

"दूध पिशवीचं?"

"हो."

"आई आणि मिसेस एकच कॉफी पितात?"

"एकच."

"पटतं दोघींचं?"

यावर ते गृहस्थ नुसतेच खाकरले. मग निंबाशेठच म्हणाले, "दोन पुड्या न्या. एका पुडीत दोघी बसायच्या नाय." गृहस्थ दोन पुड्या घेऊन माझ्यासमोरून गेले. आले होते त्यापेक्षा हलके होऊन गेले असं मला वाटलं.

नाशिकरोडला जेल रोडच्या आमच्या गल्लीत निंबाशेठ खैरनार तेरा वर्षं कॉफी भाजून विकतायत, आणि तेरा वर्षं त्यांनी एकाही माणसाला नुसती कॉफी विकलेली नाही. प्रत्येक घराची कॉफी वेगळी. बी किती भाजायचं, चिकोरी किती घालायची, दळण बारीक की भरड, हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि बायकांच्या नावाने. मेननबाईंची, जोशीबाईंची, थोरल्या पगारेबाईंची आणि धाकट्या पगारेबाईंची. जोशीबाई वारल्या तेव्हा निंबाशेठ अंत्ययात्रेला जाऊन आले आणि संध्याकाळी मला म्हणाले, "वहिनी, आता ती कॉफी संपली." मुलगा महिनाभराने आला आणि आईचीच कॉफी द्या म्हणाला, तर त्याला परत पाठवलं. "तुझी बायको येऊ दे," म्हणाले.

माणूस मूळचा कळवणकडचा. एरवी आपल्यासारखंच बोलतात, पण काही बिघडलं की अहिराणीवर जातात आणि एकच वाक्य म्हणतात, "बठ्ठं बराबर शे." सगळं बरोबर आहे. हे वाक्य ऐकू आलं की मी हातातलं काम टाकून बघायला जाते. आजवर एकदाही काही बरोबर नव्हतं.

कांदे आणि मका पिकवणाऱ्या घरातला माणूस कॉफीत कसा पडला, तर कारखान्याच्या कँटीनमुळे. तिथे ते भांडी घासायला लागले. स्वयंपाकी तमिळ होता, म्हातारा होता आणि त्याला स्वतःसाठी रोज ताजी कॉफी भाजून लागायची. निंबाशेठ त्याचं बी भाजायचं पिंप फिरवायचे. म्हातारा गावी परत गेला तेव्हा पिंप यांना देऊन गेला. नाशिकरोडला छापखान्यांमुळे आणि रेल्वेमुळे दक्षिणेकडची बरीच कुटुंबं. ती लांबून पूड मागवायची. यांनी गाळा घेतला, पिंप लावलं, आणि १९९१ साली माझ्या शेजारी धूर सुरू झाला.

मी त्याच्या आधीच गिरणी टाकलेली. आमच्या ह्यांचा सातपूरचा कारखाना आज बंद पडतो की उद्या असं चाललं होतं, तेव्हा. त्यामुळे मला शेजाऱ्याचं कौतुक करायला वेळ नव्हता. मी चहा पिते. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी ते आजार असल्यासारखं ऐकून घेतलं आणि दर दसऱ्याला सोन्याबरोबर एक पुडी द्यायला लागले. "या वर्षी तुमची सापडली असं वाटतं, वहिनी." मी घ्यायची आणि फ्रीजमध्ये उघडी ठेवायची. वास ओढून घ्यायला उत्तम असते.

१९९५ च्या दिवाळीत त्यांची ग्राइंडर जळाली. ऐन दिवाळीत, दुकानासमोर रांग. "बठ्ठं बराबर शे," असं ऐकू आलं म्हणून मी गेले, तर धुरात उभे. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचे दगड मोकळे आहेत का?"

आता, मिरची दळून झाली की मूठभर तांदूळ टाकून दगड साफ करायचे आणि मग दुसरं दळण घ्यायचं, ही आमची रीत. मिरचीला जे चालतं ते कॉफीला चालेल असं मी धरून चालले. संध्याकाळपर्यंत त्यांची कॉफी दळून दिली, दोन किलो तांदूळ टाकून दगड धुतल्यासारखे केले, आणि दुसऱ्या दिवशी लोकांचे गहू घेतले.

तिसऱ्या दिवशी गल्ली गिरणीत आली. चपात्यांना कॉफीचा वास. भाकऱ्यांना कॉफीचा वास. पगारेबाईंच्या सासऱ्यांनी सांगितलं की दोन चपात्या खाल्ल्या आणि रात्रभर डोळा लागला नाही. एका घरी बेसनाचे लाडू वळून झाल्यावर कळलं. मी हात जोडून माफी मागत होते. निंबाशेठ मात्र मागे उभं राहून एकेकीला विचारत होते, "पण वास कसा वाटला? कडू का गोडसर?" नंतर मला म्हणाले, यात धंदा आहे, कॉफीचं पीठ काढू. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आठ दिवस माझी गिऱ्हाइकं पलीकडच्या गिरणीत जात होती, त्यामुळे न बोलायला मला वेळही भरपूर होता.

पुढे धंदा वाढायला लागला तसा त्यांना जागेचा प्रश्न पडला. वाढायचं कुठे? आधी वर वाढले. पोटमाळा काढून त्यावर कच्च्या बियांची पोती चढवली. एक पोतं एका दुपारी खाली आलं आणि तराजूवर बसलं. बठ्ठं बराबर शे. मग मागे वाढले, मोरी काढून तिथे भट्टी बसवली. मग बाहेर वाढले. एक गाडी केली, तिच्यावर पितळेचं भांडं बसवलं आणि श्रावणात त्र्यंबकेश्वरला नेऊन उभी केली. एवढी गर्दी, एवढी थंडी, कॉफी जाणारच असा हिशेब. तिथे ते यात्रेकरूंना विचारत बसले, तुमच्या गावाला पाणी कुठलं. लोक ओलेते, कुडकुडत उभे. एकजण म्हणाला म्हणे, "काका, मेहसाण्याचं पाणी कळून तुम्ही काय करणार?" श्रावण संपायच्या आत गाडी परत आली. अजून आमच्या दोन्ही गाळ्यांच्या मध्ये उभी आहे आणि माझं अर्धं शटर तिच्याआड जातं.

२००० साली त्यांची बायको गेली. हिराबाई. कमी बोलणारी, कामाची बाई होती. शेजारच्या चाळीत त्यांची खोली होती. पहाटे उठून सगळं उरकून ती दुकान झाडायला यायची. ती गेल्यावर निंबाशेठनी सुतकानंतर दुकान उघडलं आणि पूर्वीसारखेच प्रश्न विचारायला लागले. मी मनात म्हटलं, बरं आहे, माणूस सावरला. मूल नव्हतं. पुढच्या वर्षी कळवणहून पुतण्या आला, योगेश.

योगेश बी.कॉम. झालेला, चुणचुणीत मुलगा. त्याने महिनाभर काकांचं दुकान बघितलं आणि माझ्याकडे येऊन डोक्याला हात लावून बसला. "काकू, एका गिऱ्हाइकाला वीस मिनिटं लागतात."

"मग?"

"मग धंदा वाढणार कसा?"

त्याने पाकिटं छापून आणली. सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. तीनच प्रकार, तयार, सीलबंद. गॅसवर चालणारी मोठी भट्टी आणली. नाशिकच्या दुकानांतून ऑर्डरी आणल्या. सिडकोत एक काउंटर उघडलं. गोष्ट खरी आहे, माल जायला लागला. फक्त आमच्या गल्लीतल्या दुकानात निंबाशेठ काउंटरवर असले की पाकिटं फोडायचे. "गोल्ड घे, त्यात मूठभर सिल्व्हर टाक, झाली मेननबाईंची." योगेशने ओरडायचं, "काका, पॅकिंगला खर्च येतो." काकांनी म्हणायचं, "तू पॅक कर, मी फोडतो. कामं वाटलेली बरी."

आता माझं सांगते. मला गिरणी विकायची होती. २००२ पासून विकायची होती. माझे गुडघे गेले. पिठाने खोकला लागला तो हलत नाही. लाइट कधी जाईल आणि कधी येईल याच्या तालावर माणसाने किती वर्षं नाचायचं. शिवाय लोक आता दुकानातून तयार पिठाच्या पिशव्या आणतात, माझ्याकडे येतात ती जुनी माणसं आणि भाकरी खाणारी घरं. मुलगा पुण्याला बोलवतोय. आमचे हे तर बॅग भरूनच बसलेले. आणि विकत घ्यायला शेजारी माणूस तयार, ज्याला जागा हवी आहे, ज्याच्या आणि माझ्या मध्ये एकच भिंत आहे. याहून सोपं काय असतं?

मी निंबाशेठना विचारलं. ते म्हणाले, विचार करतो. पितृपक्ष आहे, आता नको. दिवाळीनंतर विचारलं, तर म्हणाले, भिंत पूर्वेची आहे, पूर्वेची भिंत पाडू नये. मी म्हटलं, शेठ, ती पश्चिमेची आहे. म्हणाले, माझ्या बाजूने पूर्वेची. हे खरं होतं. उन्हाळ्यात विचारलं तेव्हा नवीन कारण निघालं. म्हणे तुमच्या मोटरमुळे भिंत कोमट राहते, माझी पोती भिंतीला लावलेली असतात, बी कोरडं राहतं, गिरणी गेली तर पावसाळ्यात मालाला बुरशी लागेल.

आणि नाही म्हणावं तर तेही नाही. नाल्यापलीकडे एक खोली भाड्याने घेतली, माल ठेवायला. भर उन्हात हमाल पोती घेऊन नाला ओलांडतायत, आणि मी माझ्या रिकाम्या गाळ्यात बसून बघतेय. मला वाटलं, भाव पाडायचा डाव आहे. कळवणचा माणूस, बाजार समितीत वाढलेला. मीही मग विचारणं सोडलं.

मार्चमध्ये योगेश स्वतः आला. कॉलेज रोडला मुलं कोल्ड कॉफीला रांगा लावतात, आपण इथे टेबलं टाकू, काचेचं दार करू, लाइट चांगले लावू. त्यासाठी भिंत पाडून दोन्ही गाळे एक करायचे. "काका?" मी विचारलं. "काका काही बोलत नाहीत," तो म्हणाला. "बठ्ठं बराबर शे म्हणाले." मला तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण किंमत मला पटली, मी हो म्हटलं. ठरलं असं की आज दगडांना टाकी लावून घ्यायची, म्हणजे गिरणीचं सामान चांगल्या स्थितीत दुसऱ्या कुणाला देता येईल, आणि उद्या मंगळवारी गवंडी येऊन भिंत बघेल.

तर आज मी स्टुलावर बसले होते. निंबाशेठ ती दोन पुड्यांची विक्री आटोपून माझ्याकडे आले. पाथरवटाला म्हणाले, "किती वेळ?"

"लागंल चार-पाच तास."

तासाभराने परत आले. "झालं?"

"नाय."

जेवणानंतर परत. पाथरवट हसून मला म्हणाला, "यांचं दळण अडकलंय काय, बाई?"

"यांच्या घरी दळणच नाही," मी म्हटलं. "हॉटेलातून डबा येतो."

दुपारी तीनच्या सुमाराला वाटलं, नुसतं बसण्यापेक्षा भिंतीचं माप तरी घेऊन ठेवू. गवंडी लोक माप घेताना आपल्या सोयीने घेतात. माझ्या बाजूचं घेतलं. पलीकडचं घ्यायला टेप घेऊन निंबाशेठच्या दुकानात गेले. योगेश सिडकोला गेलेला. निंबाशेठ काउंटरवर कुणाला तरी मुलीच्या सासरचं पाणी विचारत होते. मी म्हटलं, "मागे जाते, भिंत मोजायचीय." त्यांनी हात वर केला, थांबा म्हणाले, पण गिऱ्हाईक समोर होतं. मी गेले.

त्या मागच्या खोलीत मी कितीतरी वर्षांत गेले नव्हते. भिंतीला पोतं एकही नव्हतं. एक खाट होती. भिंतीला अगदी चिकटवून लावलेली, वर सतरंजी नीट अंथरलेली, उशी डोक्याशी. खिळ्याला शर्ट. कोनाड्यात दाढीचं सामान आणि हिराबाईचा फोटो. म्हणजे चाळीतली खोली केव्हाच सोडलेली होती आणि माणूस इथे राहत होता. उशी होती तिथेच भिंतीपलीकडे माझी मोटर.

निंबाशेठ मागून आले. मला वाटलं काहीतरी कारण सांगतील, सांगितलं नाही. खाटेच्या कडेला बसले.

"पोती कुठे आहेत?" मी विचारलं.

"नाल्यापलीकडे."

"सगळी?"

"सगळी."

"मग कोमट भिंत?"

त्यांनी भिंतीवर हात ठेवला. आज ती गारच असणार. म्हणाले, "हिरा उठायची ना पहाटे. भांड्यांचा आवाज यायचा, स्टोचा यायचा. मी जागा असायचो. पण उठायचो नाय. घरात कुणीतरी कामाला लागलंय म्हटलं की पडून राहायला बरं वाटतं, वहिनी. ती गेली, मग त्या खोलीत लय सामसूम व्हायची. इथं येऊन बघितलं. सातला तुमची मोटर चालू होते, भिंत थरथरते. मी पडून राहतो दहा-पंधरा मिनिटं. मग उठतो."

मी मनात वर्षं मोजली. मग म्हटलं, "म्हणजे चार वर्षं मी मरमर उठून कामाला लागतेय आणि तुम्ही पडून राहताय."

"हां," ते म्हणाले.

"आणि हे मला सांगता येत नव्हतं?"

"कसं सांगणार? तुमचे गुडघे."

बाहेर गिऱ्हाईक हाका मारायला लागलं. ते उठले, उठताना सतरंजीची सुरकुती हाताने सरळ केली, आणि गेले. बाहेर त्यांचा आवाज आला, "हां, तर विहिरीचं पाणी. खारं का?"

मी माप घेतलं. खाटेची लांबी पण घेतली.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता पुणं?" मी म्हटलं, जाऊ, महिना महिना जाऊन येऊ. ते पेपर वाचायला लागले. चिडले की वाचतात. त्यांची चूक नाही. माझे गुडघे त्यांच्याच बाजूने होते. रात्री मी गुडघ्यांना तेल लावत बसले आणि हिशेब करून बघितला. काचेच्या दारातून येणाऱ्या मुलांना टेबलं पुढे लागणार, रस्त्याच्या बाजूला. मागच्या अंगाला त्यांचं काय काम? मध्ये पत्रा मारून घेतला तर पीठ तिकडे उडणार नाही. गिरणीचं दार मागच्या बोळातून करता येईल. डबे उचलायला आणि पट्टा चढवायला योगेशने एक माणूस द्यायचा, आणि मी खुर्चीवर बसायचं. मोटर मात्र माझ्या हाताने चालू करायची, कारण नवीन माणूस सातला येईल याची खात्री कोण देणार. भाव अर्ध्या गाळ्याचा घ्यायचा. योगेश कुरकुर करेल. करू दे.

२० एप्रिल, मंगळवार. सकाळी मी सातच्या आधीच गेले. गाडीला वळसा घालून अर्ध्या शटरमधून आत शिरले. आधी माझ्या बाजूच्या भिंतीवर कोळशाने उभी रेघ ओढली. रेघेच्या पुढचं गवंड्याने पाडायचं, मागच्याला हात लावायचा नाही. खाटेची लांबी धरून वर दीड हात जास्तच सोडला, कारण गवंडी हातोडा मारताना रेघ बघत नाहीत. मग मोटर सुरू केली. नवी टाकी लावलेला दगड सुरुवातीला कच सोडतो, म्हणून पहिलं थोडं धान्य दळून टाकून द्यावं लागतं. मी घरची जुनी ज्वारी नेली होती, ती थोडी थोडी सोडली. ती संपेपर्यंत पलीकडचं शटर वर गेलं नाही. मग मी कचाचं पीठ झाडून काढलं आणि लोकांचा पहिला डबा उघडला.